लॅपटॉपच्या पोटातला अप्पांचा कॉम्प्युटर

"दोन मिनिटांचं काम आहे," असं बंगळूरहून फोनवर सांगणाऱ्या माणसाला धरून हुबळीला आणावं आणि आमच्या दुकानात बसवावं, असा कायदा व्हायला पाहिजे. तो माणूस माझा सख्खा थोरला भाऊ असला तरी.

कोप्पीकर रोडला लागून एका बोळात आमचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी, अशीच पत्रिका आमच्याकडं जास्त चालते. नवरी हावेरीची, नवऱ्याच्या आत्या-मावश्या सांगलीच्या, मग दुसरं करणार काय? माझे वडील, अप्पा, ज्या प्रोग्रॅममध्ये ही अक्षरं जुळवायचे, तो आमच्या लहानपणचा. तो काढणारी कंपनी केव्हाच बंद पडली आणि नव्या विंडोजवर तो उघडत नाही. अप्पांची बोटं मात्र त्याच्याच कळांवर बसलेली. तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांचा हंगाम तोंडावर आला, आणि नेमका तेव्हा जुना कॉम्प्युटर गेला.

दुकान काही अडलं नाही. थोरल्या भावानं, अण्णानं, दसऱ्याच्या आधी पाठवलेला नवा लॅपटॉप होता, आणि मला दोन्ही भाषांत टाईप करता येतं. अडले ते अप्पा. नव्या पद्धतीनं करून बघितलं त्यांनी, पण 'क्ष' मागितला की भलतंच काहीतरी उमटायचं. एके दिवशी खुर्ची मागं सारून उठले, ते दाराशेजारच्या स्टुलावर जाऊन बसले. कुणी मजकुराचं काही विचारलं की म्हणायचे, "लेकीला विचारा." ज्या माणसानं वेलांटीवरून जहागीरदारांशी भांडणं केली, तो असं बोलायला लागला. जेवणही निम्म्यावर आलं. अण्णा म्हणाला, "वय झालं, आता घरी बसू दे त्यांना." मी त्याला फोनवर नाही नाही ते बोलले. अप्पा घरी बसले तर परत उठायचे नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं.

बोलणी खाल्ल्यावर अण्णाला उपाय सुचला. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क शाबूत होती. एका रविवारी येऊन त्यानं ती अख्खी एका फाइलीत उतरवली आणि नव्या लॅपटॉपमध्ये भरली. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. लगेच गाडी पकडायला पळाला. तो गेल्यावर मी ते मशीन सुरू केलं, तर पडद्यावर सूचना: व्हर्च्युअलायझेशन बंद आहे, बायोसमध्ये जाऊन चालू करा.

सोय लॅपटॉपमध्ये आहे, पण बंद करून ठेवलेली. का बंद? तर असंच! चक्की विकायची आणि तिचा पट्टा काढून माळ्यावर टाकायचा, तशातली गत. आणि ती चालू करायची ते बायोस म्हणे विंडोज सुरू व्हायच्या आधीच उघडावं लागतं. लॅपटॉप सुरू करायचा आणि वरच्या ओळीतली एफ-टू ही कळ टपाटपा दाबायची. अण्णाचं दोन मिनिटांचं काम ते हेच.

मी टपाटपा दाबली. विंडोज सुरू झालं. बंद करून पुन्हा दाबली, पुन्हा विंडोज. आधीपासून दाबून धरली, एक डोळा मिटून दाबली, शिव्या देत दाबली. मोबाईलवरच्या व्हिडिओतला एक जण सांगत होता एफ-टेन दाबा, दुसरा म्हणत होता डिलीट. अण्णा फोनवर, "तू वेळेवर दाबत नाहीस." वेळेवर! मुहूर्त काढून दाबायची का? शेवटी लॅपटॉप काखोटीला मारून लॅमिंग्टन रोडवर एका दुरुस्तीवाल्याकडं गेले. त्यानं झाकणसुद्धा उघडलं नाही. "मदरबोर्ड असंल अक्का, बिट्ट होगरी," म्हणाला, म्हणजे ठेवून जा. ऐन हंगामात ठेवून जा! मी तशीच तणतणत परत आले.

दुकानात येऊन पुन्हा बसले. दात-ओठ खाऊन कळ दाबली तेव्हा जाणवलं, ती खालीच जात नाहीये. बोट बघितलं तर लाल.

कुंकू. खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या यंत्रांची पूजा होते. कटरला कुंकू, छपाईच्या मशीनला कुंकू, तसं लॅपटॉपलाही. ते दिसत होतंच मला, पण पूजेचं पुसायचं नसतं म्हणून हात लावला नव्हता, आणि ती कळांची वरची ओळ माझ्याही कधी कामाला येत नाही. तेलात कालवलेलं, वर अक्षता, सगळं कळांच्या फटीत जाऊन घट्ट बसलेलं.

"अप्पा, कीबोर्डवर कशाला लावायचं ओ? झाकणावर लावायचं की!"

"झाकण काय काम करतंय?" अप्पा स्टुलावरनंच म्हणाले. "काम कळा करत्यात. अक्षरावर कुंकू पडू नये म्हणून वरच्या ओळीला लावलं, अव्वा. तिथं अक्षर कुठं हाय? सगळीकडं एकच एफ. ते कोण टाईप करतंय?"

मी कपाळाला हात लावला, आणि मग सेफ्टी पिन काढून कळ उचकटायला लागले. तेवढ्यात अप्पा उठले. "मोडशील," म्हणाले. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या काळातला चिमटा ड्रॉवरमधून काढला आणि फटीतनं अक्षतेचा तुकडा अलगद ओढून बाहेर घेतला. स्पिरिटच्या बोळ्यानं कडा पुसल्या. कळ खाली-वर व्हायला लागली.

बायोस उघडलं. करड्या पडद्यावर डोळे फोडून मी ती ओळ शोधली, 'डिसेबल्ड'चं 'एनेबल्ड' केलं, सेव्ह केलं. मशीन सुरू झालं. लॅपटॉपच्या एका चौकटीत अप्पांचा जुना पडदा जसाच्या तसा आला. मी काही बोलायच्या आत अप्पांनी मला खुर्चीवरनं उठवलं. कुलस्वामिनीची ओळ त्यांनी खाली न बघता टाईप केली, मग शांतपणे कन्नड बाजूला वळले.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक मजकुराचा कागद घेऊन आलं. सवयीनं माझ्याकडं वळून त्यानं विचारलं, आजोबांचं नाव वर घ्यायचं की खाली?

"तिला काय विचारताय?" अप्पा मान वर न करता खेकसले. "तिला त्यातलं काय कळतंय? इकडं या."

एवढा उपद्व्याप मी केला आणि मला काय कळतंय म्हणे! डोळे भरून आले होते, ते गिऱ्हाईकासमोर पुसायचे कसे म्हणून मी बोळाच्या तोंडापर्यंत गेले आणि तीन चहा सांगून आले.