भागीरथीबाईंची वंदना

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आमच्या विहारात रविवारची वंदना भागीरथीबाई सांगतात. त्या एक ओळ म्हणतात, मागून सगळे म्हणतात. त्यांचा आवाज असा मऊ, की ऐकताना पंख्याची घरघरही लांब कुठेतरी गेल्यासारखी वाटते. लग्नानंतर बाईंनी रात्रशाळेतून दहावी केली, अंगणवाडी चालवली, समोरच्या दुकानदारांशी बोलत बोलत सिंधीही उचलली. नवरा रामभाऊ आनंदनगरच्या कारखान्यात लेथ मशीनवर होते. हल्ली ते चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात. घरच्यांना काळजी होती ती त्यांचीच.

थंडीतल्या एका रविवारी वंदना संपली आणि बाईंनी ती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. बाई सांगतायत म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी मागून म्हटली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा म्हटली. ऊन सतरंजीवरून सरकत भिंतीवर चढलं. कुणालाच थांबावंसं वाटेना. फक्त सून अस्मिता पदराने डोळे पुसत होती.

तिने दोघांनाही डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रामभाऊंचं विसरणं वयाचं निघालं. बाईंचा स्मृतिभ्रंश मात्र बराच पुढे गेलेला. शिकण्यातून, कामातून मेंदूपाशी शिल्लक साठते, ती आजाराला झाकून ठेवते, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. बायकांची शब्दांची आठवण बहुधा पक्की असते, म्हणून त्यांचा आजार उशिरा कळतो; पुरुषांमध्ये ही शिल्लक तशीच वागेल असं नाही. "त्या छान बोलतात ना, तिथेच तुम्ही फसलात," त्या म्हणाल्या.

सासूला कुणी हसू नये म्हणून अस्मिताने ठरवलं, यापुढे वंदना दुसरं कुणीतरी सांगेल.

"मग मी रविवारी काय करू?" बाईंनी विचारलं.

रामभाऊ म्हणाले, मी बसेन हिच्या शेजारी.

"बाबा, तुम्हाला स्वतःचा चष्मा सापडत नाही."

"चष्म्याचं सोड गं. हिचा आवाज शेवटाला कसा खाली येतो, ते मला ठाऊक आहे."

पुढच्या रविवारी वंदना बाईंनीच सांगितली, ते शेजारी बसले. शेवटची ओळ झाली. बाईंनी पुन्हा श्वास घेतला, तेवढ्यात रामभाऊंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

बाई त्यांच्याकडे वळल्या. मग रामभाऊंच्या डोक्यावरचा चष्मा काढून त्यांनी तो अलगद त्यांच्या नाकावर बसवला. उदबत्ती अजून जळत होती. कुणी उठलं नाही.