बिनगोष्टीचा सिनेमा

आमच्या शेजारच्या खोल्यांत ड्रॉइंग मास्तर राहायला आले आणि महिन्याभरात सगळ्या सिल्वासाला कळलं की हा माणूस सिनेमा काढतो. कसला, ते मात्र कोणाला सांगता येईना. त्यांच्याकडे चावी देऊन चालणारा जुना कॅमेरा होता. तो घेऊन ते नळासमोर बसले आणि नळाचं गळणं टिपलं. मग डोकमर्डीच्या वाटेवर एका कुडाच्या भिंतीसमोर उभे राहिले, भिंतीवरून ऊन सरकेपर्यंत. बाजाराच्या दिवशी माणसं सोडून माणसांच्या सावल्या टिपल्या. अशा छोट्या छोट्या फिल्म काढून एकामागोमाग दाखवायच्या, असा त्यांचा बेत होता.

"गोष्ट काय आहे यात?" मी विचारलं.

"गोष्ट नाही, भाऊसाहेब."

"गाणी?"

"गाणीही नाहीत."

"मग प्रत्येक फिल्म तीनच मिनिटांची का?"

"रीळ तेवढंच असतं."

त्यांच्या बोलण्यातलं हे एकच उत्तर मला पटलं. बाकी माणूस संशय घेण्यासारखा होता.

त्या दिवसांत मला संशय परवडणारा नव्हता आणि तो टाळताही येत नव्हता. पोर्तुगीज गेले, मग काही वर्षांनी इथला कारभार दिल्लीच्या हाताखाली आला, आणि मुंबईहून आलेली आमच्यासारखी हंगामी माणसं कायम व्हायची वाट बघत बसली. मी कचेरीत हिशेबाच्या कामावर होतो. मुंबईतली जागा सोडून, बायको आणि दोन मुलींना घेऊन आलो होतो. ऑर्डर आली नाही तर परत जायला तिथे नोकरी नव्हती आणि घरही नव्हतं. पोलीस अहवालात एक वाकडी ओळ आली तरी माणूस गेला, असं कचेरीतले जुने लोक सांगत.

सरहद्दीवरची लढाई नुकतीच संपली होती. नदीकाठी कॅमेरा घेऊन उभा राहणारा माणूस लोकांना हेर वाटे. एक दिवस साहेबांनी मला बोलावलं. "तुमच्या भिंतीला भिंत आहे त्या मास्तरांची. जरा लक्ष असू द्या."

मी लक्ष ठेवू लागलो. कचेरीतून आल्यावर व्हरांड्यात फेऱ्या मारायच्या, डोकं ऑर्डरपाशी आणि डोळे मास्तरांच्या खिडकीकडे. खिडकीचं एक दार नेहमी किलकिलं असे आणि आत काहीतरी चमके.

"तो आपल्याकडे बघतो," मी बायकोला म्हणालो.

"तुम्ही बघता त्यांच्याकडे. त्यांनी काय डोळे मिटून बसायचं?" ती म्हणाली. "आणि खाली बसा हो जरा. लादी झिजेल."

त्या थंडीत मला दोन दिवसांसाठी मुंबईला जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मास्तर चपटा, गोल पत्र्याचा डबा घेऊन आले. कडेने सगळीकडून चिकटपट्टी लावलेली. त्यांचा मेहुणा मुंबईत फिल्म धुण्याच्या कामावर होता, त्याच्याकडे तो पोचवायचा. शाळेत परीक्षा असल्यामुळे त्यांना जाता येत नव्हतं.

"काय आहे यात?"

"नवी फिल्म."

"कशाची?"

"धुऊन आली की दाखवतो. उघडू मात्र नका. उजेड लागला की सगळं पुसलं जाईल."

आत काय आहे ते सांगायचं नाही, आणि उघडून बघायचंही नाही! मी नाही म्हणणार होतो. पण ते माझ्या थोरलीला फुकट चित्रकला शिकवत, आणि बायको आधीच हो म्हणून बसली होती.

वापीच्या अलीकडे गुजरातचा दारूबंदीचा नाका होता. आमच्याकडे दारू मोकळी, पलीकडे बंद. लोक सायकलच्या ट्यूबमध्ये भरूनसुद्धा नेत, त्यामुळे पट्टी लावलेल्या गोल डब्यावर जमादाराचा डोळा जाणं रास्तच होतं. त्याने मला बसमधून खाली उतरवलं.

"आमां शुं छे?"

"फिल्म आहे. उजेड लागला की खराब होते."

"तमे जोई?"

"नाही."

"तो केम खबर?"

बघितली नाही तर कळलं कसं, हा त्याचा प्रश्न मलाही पटला. त्याने चौकीकडे बोट केलं. चौकीत गेलो की नाव लिहिलं जाणार, आणि दारूच्या संशयात नाव आलेल्या माणसाला कायम कोण करणार? डबा उघडून द्यावा हे सोपं होतं. पण उघडला असता तर आत काय होतं ते मला जन्मात कळलं नसतं, आणि मास्तरांबद्दलचा संशय तसाच राहिला असता. तेवढ्यासाठी मी तो डबा वाचवला.

मी वळकटी सोडली आणि जाड कांबळी काढली. "याच्या आत डबा उघडा आणि चाचपा," म्हटलं. जमादार तयार झाला, पण नुसते हात घालून त्याचं समाधान होईना. दारूचा वास घ्यायला त्याने डोकंही आत घातलं.

बसच्या खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "जमादार, वाफारा घ्या नीट! सर्दी पळेल!"

"आत काढा ठेवलाय काय?" दुसरा म्हणाला.

सगळी बस हसत होती. मी एकटा घामाघूम, कांबळीची टोकं धरून उभा. शेवटी जमादार लाल तोंडाने बाहेर आला. "फिल्म ज छे," तो म्हणाला. आतच डब्याला झाकण लावून मी पट्टी पुन्हा दाबून बसवली आणि गाडीत चढलो.

फिल्म धुऊन आल्यावर मास्तरांनी शाळेत रविवारी दुपारी खेळ ठेवला. खिडक्यांना कांबळी लावून अंधार केला होता, त्यात माझीही होती. साहेब आले. सिनेमा बघायला नव्हे, तपासायला आले असावेत, असं मला वाटलं.

नळ गळला. "दुरुस्तीचा अर्ज करा कोणीतरी," मागून आवाज आला. भिंत झाली, सावल्या झाल्या. मग ती फिल्म लागली.

पडद्यावर लादी होती. तिच्यावर दोन पाय चालत होते. उजव्या चपलेचा अंगठा तारेने बांधलेला. पाय खांबापर्यंत जात, वळत, परत येत. मधेच थांबत आणि टाचा वर उचलल्या जात. एकदम सगळं पांढरं झालं, त्यात जाड बोटासारखं काहीतरी काळं हललं, आणि पाय पुन्हा चालू लागले.

"अगबाई, ही तर आपली लादी!" बायको म्हणाली.

म्हणजे माझा संशय खरा होता. तो माणूस बघत होता.

"पाय कोणाचे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"माझे, साहेब," मी म्हणालो.

"एवढं कसलं चालणं चाललंय?"

"कायम व्हायची ऑर्डर यायची आहे. वाट बघतोय."

"आणि टाचा का उचलता मधेच?"

"मास्तरांवर लक्ष ठेवायला आपणच सांगितलं होतं."

अख्खा वर्ग हसत सुटला. साहेब हसले नाहीत. आता अहवालात काय जाईल, त्याची ओळ मी मनात लिहूनही टाकली. साहेब पडद्याकडे वळले. मग मास्तरांना म्हणाले, "ही परत लावा."

जमादाराची हकिगत मी मास्तरांना सांगितली तेव्हा ते फार खूश झाले. कांबळीत उजेड शिरून झालेला तो पांढरा तुकडा काढून टाकणार नाही म्हणाले. थट्टा करत होते की खरं बोलत होते, मला आजही सांगता येत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ऑर्डर आली. बायको म्हणते, फिल्ममुळे आली. मला तसं वाटत नाही; कागद त्याआधीच दिल्लीला गेलेले होते. पण साहेबांनी ती माझ्या हातात देताना माझ्या चपलांकडे पाहिलं, हे मी पाहिलं.

त्याच संध्याकाळी मी व्हरांड्याला मास्तरांच्या बाजूने गोणपाट लावलं. आता मी आरामात फेऱ्या मारू लागलो, काही कारण नसताना.

मास्तरांची पुढची फिल्म त्या गोणपाटाची होती. वाऱ्याने ते हलतं, आणि खाली चार बोटं जागा राहिली आहे, तिथून चपला जातात, येतात. उजव्या चपलेचा अंगठा नवा आहे.