भाऊजींच्या वेलाचं फळ

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगणघाटच्या बसस्टँडवर होतो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं नाही. पहिला विचार आला तो हा, की आता वर्ध्याला गेल्यावर "तुमचं चुकते" हे ऐकावं लागणार नाही... गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. भाऊजी जिवंत माणसांबद्दल कधी बरं बोलले असते, तर मीही हा नियम पाळला असता.

माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. काचेच्या पट्ट्या धुता धुता आपण प्राध्यापक झालो अशी त्यांची समजूत झाली, आणि निवृत्तीनंतर ती पक्की झाली. अंगणातल्या कडुनिंबावर त्यांनी ड्रॅगन फ्रूटचा वेल चढवला होता. निवडुंगच तो, पण खोडाला धरून वर चढणारा. पावसाळ्यात एखाद्या रात्री वीतभर पांढरं फूल उमलायचं आणि सकाळी मान टाकायचं. आळीतल्या बायका ब्रह्मकमळ समजून हळदीकुंकवाचं ताट घेऊन यायच्या. भाऊजी बनियनवर दारात उभे. "हे ब्रह्मकमळ नाई. शिकल्यासवरल्या बाया तुम्ही, काऊन येड्यासारखं करून राह्यल्या?" मग ताई मागून चहा घेऊन यायची, सगळ्यांची माफी मागत.

ताईला फुलाचं कौतुक नव्हतं. तिला फळ हवं होतं, एक तरी. आठ वर्षं तिनं त्या वेलाला पाणी घातलं... फुलं यायची, गळायची. शेजारच्या वानखेडे काकूंकडे दुसऱ्या जातीचा वेल होता आणि तो फळायचा. त्या एकदा म्हणाल्या, "भाऊ, आमच्या फुलातली पिवळी भुकटी कुंचल्यानं तुमच्या फुलाले लावून पाहा. तुमच्या जातीले स्वतःची नाई चालत." बाई बरोबर होती. साऱ्या आळीला परागीभवन समजावणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, आणि कळलं ते चौथी शिकलेल्या बाईकडून. "मले शिकवता?" एवढंच म्हणून त्यांनी फाटक लावलं. मी समजवायला गेलो तर, "तुम्ही मराठीचे मास्तर, तुम्ही व्याकरण पाहा." एका माणसाच्या ताठ्यापायी ताईचं फळ राहिलं. तेव्हा त्यांची जी चीड आली, ती त्यांच्या चितेपाशीही गेली नव्हती.

तेरवीच्या आदल्या रात्री वेलाला फूल आलं, काकूंकडेही. मीच त्यांना बोलावलं. त्या वाटीत भुकटी घेऊन आल्या. ताईनं कुंचला उचलला, पण फुलापाशी नेऊन थांबवला.

"त्याईले आवडलं नसतं रे."

"म्हणूनच लाव," मी म्हणालो.

फळ धरलं. परवा ते पिकल्यावर ताईनं मला बोलावून घेतलं. लालबुंद साल, आत पांढरा गर. तिनं पहिली फोड तोंडात घातली आणि मी वाट पाहत राहिलो, की आता ती म्हणेल, आठ वर्षं या माणसानं मला उगाच झुरवलं. ती शांतपणे चावत होती.

"फिकंच आहे रे. हे म्हणतच होते, याले काई चव नाई राह्यत."

म्हणजे फळ धरेना तेव्हा कोल्ह्याला द्राक्षं आंबट, आणि तेच या बाईनं शास्त्र म्हणून जपून ठेवलं होतं! पार ओठांपर्यंत आलं माझ्या. मी एक फोड उचलून खाल्ली. चांगली गोड होती.

"हो," मी म्हणालो, "फिकंच आहे."