आधी बघा, मग ओता

कानाच्या अक्कांशी वाद घालणाऱ्यावर एक वेळ अशी हमखास यायची, की आपण भिंतीशी बोलतोय हे त्याला कळून चुकायचं. अक्का तोंडानं कधी 'पुरे' म्हणायच्या नाहीत. उजव्या कानातलं ऐकण्याचं यंत्र शांतपणे काढायच्या, टेबलावरच्या स्टीलच्या वाटीत टाकायच्या आणि समोरच्याकडे हसून बघत बसायच्या. डावा कान लहानपणीच गेलेला, उजवा यंत्राशिवाय नावालाच. मग तुम्ही कितीही घसा ताणा. कानाची डॉक्टर आणि तीच बहिरी, असं लोक पाठीमागे म्हणायचे. अक्का ते तोंडावर म्हणून दाखवायच्या आणि वर विचारायच्या, "न्हाव्याला टक्कल असलं तर तो केस कापत नाही का?"

चामराजपेटेत एका छापखान्याच्या वर त्यांचा दवाखाना होता. पाटीवर नाक-कान-घसा असं तिन्ही लिहिलेलं, पण अख्खी पेठ त्यांना कानाच्या अक्का म्हणायची. घराणं मराठी, तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे येऊन बंगळूरचंच झालेलं. मी निपाणीचा, दोन भाषांच्या बांधावर वाढलेला, तरी त्यांचं मराठी ऐकून मला मजा वाटायची. "स्वल्प मान वाकडी कर," "सरी, आता आवंढा गिळ," असे कन्नड शब्द पेरत त्या एका दमात सांगायच्या. वय सत्तरीच्या पुढे. केसांचा घट्ट अंबाडा घालायच्या, आणि डाव्या कानामागचा मोठा, खोलगट व्रण उघडा ठेवायच्या. केस जरा सैल सोडले असते तर तो सहज झाकला गेला असता. पण झाकेल ती अक्का कसली!

खुर्चीच्या मागे भिंतीवर त्यांनी मराठीत आणि कन्नडमध्ये रंगवून घेतलं होतं : आधी बघा, मग ओता. त्यामागची हकिकत त्या कुणालाही सांगत, अगदी कोरड्या आवाजात. सहा वर्षांच्या असताना सर्दी झाली, कान दुखला. घरात सगळ्यांना मायेचं भरतं आलं. आजीनं लसणाचं तेल ओतलं, काकूनं हिंगाचं, शेजारणीनं कसलासा पाल्याचा रस. पू वाहायला लागला तेव्हा सगळे म्हणाले, घाण बाहेर पडतेय, चांगलंच आहे. महिना दीड महिना असा गेला आणि कानामागचं हाड सडलं. ऑपरेशननं जीव वाचला, कान गेला. "सगळ्यांनी ओतलं," अक्का म्हणायच्या, "आत डोकावलं कुणीच नाही."

माझी त्यांची ओळख माझ्याच दुखऱ्या कानानं करून दिली. मी एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत दिवसभर कानाला हेडफोन लावून बसणारा माणूस. दोन महिने उजवा कान ठणकत होता. मेडिकलमधून तीन तऱ्हेचे थेंब आणून झाले होते. कुणीतरी अक्कांचं नाव सांगितलं म्हणून गेलो, आणि गेल्या गेल्या त्यांना ऐकवलं, "हेडफोनमुळे इन्फेक्शन झालंय, स्ट्राँग औषध द्या." अक्कांनी मला नखशिखांत न्याहाळलं. कुठे दुखतं ते एका बोटानं दाखव म्हणाल्या. कानाची पाळी ओढली, दुखलं नाही. कानाच्या तोंडाशी दाबलं, दुखलं नाही. "बाहेरच्या नळीला सूज असती तर आता किंचाळला असतास," म्हणाल्या. मग दिवा लावून आत बघितलं. पडदा साफ. मग कानापुढे जबड्याच्या सांध्यावर अंगठा ठेवून तोंड उघड-मिट करायला लावलं आणि मी खरंच किंचाळलो.

"रात्रभर दात-ओठ कुणावर खातोस रे?" त्यांनी विचारलं.

मला रागच आला. कान दाखवायला आलो तर ही बाई माझ्या दाढा मोजतेय! मी वाद घातला, इंटरनेटवर काय काय वाचलं ते सांगितलं. टण्ण. यंत्र वाटीत. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, दात तर तू रोजच खातोस, शेजारच्या खोलीत ऐकू येतं. झक मारत दाताच्या डॉक्टरकडे गेलो. झोपताना दातांवर घालायची पट्टी मिळाली आणि तीन आठवड्यांत ठणका गेला. कुणावर दात खात होतो ते मला पक्कं ठाऊक होतं. महिन्याभरात ती नोकरीही सोडली.

तेव्हापासून मी अक्कांचा भक्त झालो. शनिवारी काम नसलं की जाऊन बसायचो आणि त्यांची भांडणं बघायचो. त्या सगळ्यांशी भांडायच्या. कानात काडी घालणाऱ्यांशी, किल्ली घालणाऱ्यांशी, मार्केटसमोर कान कोरून देणाऱ्या माणसाशी तर भर रस्त्यात. "मळ हा कानाचा राखणदार आहे, त्याला हाकलून चोर का घेता घरात?" सर्दीनंतर कान धरून रडणारी पोरं यायची, त्यांचा पडदा लाल फुगलेला दिसला तर त्या औषध द्यायच्या, नाही तर दुखणं थांबायची गोळी देऊन दोन दिवसांनी परत बोलवायच्या. आया चिडायच्या. एका मोठ्या हॉस्पिटलनं बोलावलं तेव्हा त्यांनी विचारलं, एका पेशंटला किती मिनिटं देता? उत्तर ऐकून म्हणाल्या, "तेवढ्यात माझा आरसासुद्धा गरम होत नाही." घशात बघायचा छोटा गोल आरसा वाफ धरू नये म्हणून त्या तो स्पिरिटच्या दिव्यावर जरासा शेकायच्या, मग आपल्या मनगटाला लावून बघायच्या, मगच पेशंटच्या तोंडात घालायच्या.

आणि मग आमचे आप्पा आले.

आप्पा म्हणजे माझे वडील. निपाणीत तंबाखूच्या वखारीत उभा जन्म गेला. पानाची प्रत लावणारा त्यांच्यासारखा माणूस नव्हता. पान चुरगाळून नाकाशी धरायचे आणि कुठल्या रानातलं ते सांगायचे. कमरेला चंची आणि डाव्या गालात तंबाखूची गोळी, हे मी पाळण्यातून बघत आलोय. तीन महिने त्यांचा डावा कान दुखत होता. आईनं आपलं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं औषध केलं. पळीत तेल तापवलं, लसणीच्या दोन पाकळ्या टाकल्या, कोमट करून रोज दुपारी कानात. फरक पडेना म्हणून मी त्यांना बंगळूरला आणलं. निघताना आईनं बाटलीत तेलही दिलं, आणि आप्पांनी ते अक्कांकडे जायच्या सकाळीसुद्धा घालून घेतलं. माझ्याच हातानं. हो, मीच घातलं. भिंतीवरचं ते वाक्य शंभर वेळा वाचलेल्या मी.

अक्कांनी दिवा कपाळावर ओढला. कापसानं तेल टिपलं, नळीनं ओढून काढलं, कान कोरडा केला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग दिवा वर सरकवून म्हणाल्या, "कान अगदी चांगला आहे."

मी हुश्श केलं आणि तिथूनच आईला फोन लावला. कान चांगला आहे गं, काही नाही. पलीकडे आई देवाला साखर ठेवते म्हणाली. अक्कांनी हात पुढे करून माझा फोन टेबलावर पालथा घातला.

"कान चांगला आहे," त्या म्हणाल्या, "हीच वाईट बातमी आहे."

मग त्यांनी आप्पांना समजावलं. बेल घरात वाजते, पण दाबणारा बाहेर उभा असतो, घरात शोधून सापडत नाही. कानाकडे येणाऱ्या नसा दातांकडून येतात, घशाकडून येतात, जिभेच्या मुळाकडून येतात. तिकडचं दुखणं कानात येऊन बोलतं. तीन महिने, एकाच बाजूला, कानात काही नाही, आणि त्याच गालात चाळीस वर्षं तंबाखू. "अण्णा, तोंड उघडा. मला घसा बघायचाय."

आप्पा ताठ झाले. "घसा कशाला बघताय ओ बाई? कान दुखायलाय माझा." तंबाखूचं नाव निघाल्यावर तर त्यांचा चेहराच बदलला. ज्या पानावर पोराला शिकवलं, घर बांधलं, त्याला नावं ठेवणाऱ्या बाईपुढे ते तोंड उघडणार नव्हते. उठले आणि जिना उतरून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. आणि मी? मी म्हणालो, "अक्का, सध्या थेंब देऊन बघू या का?" लाज वाटते सांगायला. त्यांना काय शंका आली हे मला समजलं होतं, आणि मला ते समजून घ्यायचं नव्हतं. अक्कांनी थेंब दिले नाहीत. वाटीत यंत्र टाकून दुसऱ्या पेशंटला हाक मारली.

चार दिवस आम्ही बापलेक त्या विषयावर बोललो नाही. मी मीटिंगा केल्या, आप्पांनी नातवाबरोबर क्रिकेट बघितलं. गिळताना ते किंचित मान तिरकी करतात हे मला दिसत होतं. शुक्रवारी परतीचं तिकीट होतं. गुरुवारी सकाळी बेल वाजली. दारात अक्का, हातात पिशवी. माझ्या केसपेपरवरचा पत्ता बघून चामराजपेटेतून दोन बस बदलून आल्या होत्या. बायकोनं पाणी दिलं, ते पिऊन त्या सरळ आप्पांसमोर बसल्या. आप्पांनी मान फिरवली.

मला वाटलं, आता यंत्र काढतील. नाही काढलं. उलट खुर्ची पुढे ओढून यंत्राचा कान त्यांच्याकडे केला आणि विचारू लागल्या, वखारीत माल आला की प्रत कशी लावतात? आप्पा आधी एका शब्दात उत्तरं देत होते. मग खुलले. पान कसं बघायचं, दलाल कसे फसवतात, वरचा थर चांगला लावून आत खराब माल कसा भरतात. अक्का मन लावून ऐकत होत्या.

"मग वरनं हात फिरवून प्रत सांगत असाल तुम्ही," त्या म्हणाल्या. "इतका अनुभव आहे तर."

"छ्या! गठ्ठा सोडल्याबिगर प्रत कोण सांगतंय?" आप्पा उसळून म्हणाले. "आतला माल बघाय लागतोय."

आणि म्हणून झाल्यावर त्यांनी अक्कांच्या पिशवीकडे बघितलं. मग आप्पांनी बोटानं गालातली गोळी काढली, बेसिनपाशी जाऊन चूळ भरली, येऊन खिडकीसमोरच्या खुर्चीत बसले आणि तोंड उघडलं.

आमच्या गॅसवर अक्कांनी आरसा शेकला. मनगटाला लावला. फडक्यात आप्पांची जीभ धरली, 'ई' म्हणायला लावलं. मानेवर डाव्या बाजूला बोटांनी चाचपलं. मग हात धुतले आणि कुणालाही बाहेर न काढता सगळ्यांसमोर सांगितलं की टॉन्सिलपाशी जखम आहे, तिचा तुकडा काढून तपासायला हवा, आणि ती त्यांना बरी दिसत नाही. "लहान आहे अजून. परतीचं तिकीट फाडा." आप्पांनी विचारलं, तंबाखूनंच का? अक्का म्हणाल्या, "हो." बस, एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

कॅन्सरच निघाला. पुढचं वर्ष कसं गेलं ते मी लिहिणार नाही. ऑपरेशन, किरणांचे शेक, नाकातून नळी. आप्पांचं वजन माझ्या मुलाएवढं झालं. आवाज घोगरा झाला, तोंडाला कायमची कोरड आली, उपचारांच्या तडाख्यात कानही मंद झाले, ऐकायला यंत्र लागलं. पण माणूस राहिला. चंची त्यांनी त्या गुरुवारीच माझ्या हातात दिली होती. पाच वर्षं ते दर तपासणीला आले की मोठ्या हॉस्पिटलनं पास केलं तरी अक्कांकडे जाऊन पुन्हा तोंड उघडायचे. शेवटच्या वेळी अक्कांनी आरसा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, घसा स्वच्छ आहे.

"आणि कान?" आप्पांनी विचारलं.

"कान तर तेव्हाही चांगलाच होता," अक्का म्हणाल्या, आणि दोघं खोकेपर्यंत हसले.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. सकाळचे पेशंट तपासले, जेवून आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. फोन केला तर आप्पा एकटे बसनं आले. अक्कांची पुतणी दवाखाना आवरत होती. आठवण म्हणून काही हवं का, असं तिनं विचारलं. मला वाटलं, आरसा मागतील. आप्पांनी ती स्टीलची वाटी मागितली.

या मे महिन्यात मी निपाणीला होतो. शेजारची सून चार वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन आली. पोरगी कान धरून रडत होती, आणि सुनेला आईच्या हातचं लसणीचं तेल हवं होतं. आईनं सवयीनं पळी तापवलीसुद्धा. आप्पा उठले, तिच्या हातातली पळी घेतली आणि चुलीवरच्या आमटीत ओतली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आधी दवाखान्यात नेऊन बघून घे." सून ऐकेना. आमच्याकडं सगळ्यांना तेलच घालतात, माझ्या सासूबाई म्हणतात, इतक्यासाठी कशाला डॉक्टर... ती बोलतच होती. आप्पांनी कानातलं यंत्र काढलं आणि ओट्यावरच्या वाटीत टाकलं. टण्ण.

बोलून बोलून ती थकली आणि तणतणत पोरीला घेऊन दवाखान्याकडे निघाली. तासाभरात परत आली तेव्हा पोरगी पेरू खात होती. आप्पांनी यंत्र कानात घातलं.

"काय निघालं?"

"हरभऱ्याची डाळ," ती खाली बघत म्हणाली.

"बघितलं म्हणून निघाली," आप्पा म्हणाले, आणि आमटीला ताट मागितलं.