प्रश्न माझा, उत्तर नवऱ्याला

आमच्या अवधपुरी भागातल्या लॅपटॉपच्या दुकानातला तो विक्रेता आठवला की अजून डोकं फिरतं. मी कॉलेजात नेटवर्किंग शिकवते. एकाच लॅपटॉपवर चार-चार व्हर्च्युअल मशीन चालवावी लागतात. म्हणून विचारलं, रॅम नंतर वाढवता येईल की बोर्डवरच पक्की आहे? त्याने बाहीने स्क्रीन पुसली, लॅपटॉप माझ्या नवऱ्याकडे वळवला. "भाईसाहब, उठाकर देखिए, एकदम हल्का!" मी पुन्हा तेच विचारलं. तो नवऱ्यालाच म्हणाला, "मैडम के लिए तो ये भी ज़्यादा है."

मी तडक बाहेर पडले.

त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. पण त्याच्या बोलण्यावर जो खुदकन हसला, घरचं वायफाय बंद पडलं की जो मलाच हाका मारतो, त्याचं माहीत आहे.