खंड्या रडत नव्हता

मंडळी, आज वाचनालयाच्या या फळ्यावर लढाईची बातमी नाही. गेल्या सोमवारी मीच इथं लिहिलं होतं, की माझा धाकटा भाऊ सर्जेराव पलटणीत गेल्यापासून त्याचा कुत्रा खंड्या रडतोय. तुम्ही गुऱ्हाळावर येऊन त्याला बघून गेलात. बायांनी पदर डोळ्यांना लावले. मला तेव्हा बरं वाटलं, हे कबूल करतो.

आज सकाळी खंड्याचा तो पाणी गळणारा डोळा चिकटून उघडेनाच. पिवळा पू दिसला, तेव्हा कुठं मी त्याला बैलगाडीत घालून कराडला गुरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या म्हाताऱ्या कंपाउंडरनं बोरिकच्या कोमट पाण्यानं डोळा धुतला, पापणी उलटवली आणि उसाच्या पाचटाचं कुसळ काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

"कुठं बांधताय ह्याला?"

"गुऱ्हाळावर, राखणीला. चुलाणापाशी."

"आवं, धूर आन् पाचट तितं. आन् एकच डोळा गळत हुता न्हवं? रडणारा एका डोळ्यानं रडतोय व्हय?"

इतके दिवस तो माझ्यासमोर पंजानं डोळा चोळत होता. मी त्यालाही दुःखच म्हणत होतो.

आता त्याला घरी सोप्यात बांधलंय. डोळा रोज दोनदा धुवायचा आहे.

पण खंड्या तुझ्यासाठी रडतोय, असं सर्जेरावालाही मी लिहून पाठवलंय. ब्रह्मदेशात तो ते पत्र खिशात घेऊन फिरत असेल. खरं कळवलं, तर त्याच्या कुत्र्याकडं इथं कुणी नीट बघतही नव्हतं, हे त्याला कळेल. तुम्ही माझ्या जागी असता, तर काय लिहिलं असतं?