तोमोशिची खरा की खोटा

मिसाओ त्सुकादाबाईंसमोर बाहुला ठेवला की त्या आधी त्याच्याकडे बघत नसत, त्याचा वास घेत. नवखं गिऱ्हाईक बिचकायचं. छप्पन्न वर्षांची, चष्मा कपाळावर चढवलेली बाई कार्टूनमधल्या राजपुत्राच्या पोटात नाक खुपसून डोळे मिटून उभी आहे, हे दृश्य तसं विचित्रच. पण नागोयाच्या ओसू बाजारात ज्यांची हयात जुन्या बाहुल्यांच्या खरेदी-विक्रीत गेली, ती माणसं या नाकाला मानत.

"त्सुकादा-सान, नाकाचा विमा उतरवा हो," दुकानाचा मॅनेजर निवा म्हणायचा. "मी आजारी पडलो तर दुकान चालेल. तुम्हाला सर्दी झाली की बसलंच."

"आधी पगार वाढवा, मग नाकाची काळजी करा," बाई म्हणायच्या आणि पुढचा बाहुला ओढून घ्यायच्या.

हे नाक जन्मजात वगैरे काही नव्हतं. बाईंनी बावीस वर्षं गिफूच्या एका कारखान्यात बाहुल्यांचे डोळे भरले होते. मशीनवर भरतकाम, दिवसाला चारशे चेहरे. पुढे ते काम परदेशात गेलं, कारखाना बंद पडला आणि बाई ओसूच्या या दुकानात खरेदीच्या काउंटरला लागल्या. बाहेरची माणसं हसतात, की मऊ कापडाच्या बाहुल्याची कसली आलीय परीक्षा? हसोत बापडी. एकाच साच्यातून हजार बाहुले निघाले तरी दोन चेहरे सारखे नसतात. डोळ्यातला पांढरा ठिपका अर्धा टाका वर गेला की तोच पोरगा हसरा दिसतो आणि खाली आला की रुसका. तरणीताठी पोरं रांगा लावून एकेक चेहरा निवडून घेतात, त्याला प्रवासाला नेतात, हॉटेलात आपल्या ताटाशेजारी बसवून त्याचा फोटो काढतात. त्यात बाईंना कधी काही हास्यास्पद वाटलं नाही. आपण भरलेल्या डोळ्यांवर कुणीतरी जीव लावतंय, याचं त्यांना मनातून बरंच वाटायचं.

लव कुठल्या दिशेला बसलीय, पोटातला कापूस गोळा झालाय का, शिवणीतली कंपनीची कापडी पट्टी मूळची आहे का, कानाला लावलेली कागदी टॅग दुमडलीय का, हे सगळं त्यांची बोटं बघत. आणि वास. उदबत्तीचा, अत्तराचा, कुत्र्याचा. सगळ्यात वाईट तंबाखूचा, कारण तो कापसात जाऊन बसतो तो बसतोच.

नकार द्यायची मात्र दुकानात एकच रीत होती. माल नकली असो, कुबट असो, टॅग फाटलेली असो, गिऱ्हाईकाला एवढंच सांगायचं, "क्षमा करा, आमच्या दुकानात हा माल घेता येत नाही." वर कंबरेत वाकायचं. कारण द्यायचं नाही. "नकली आहे" म्हटलं तर गिऱ्हाईक फसलं हे चारचौघांत उघडं पडतं. "वास येतो" म्हटलं तर त्याच्या घराची अब्रू जाते. म्हणून सगळ्यांना एकच वाक्य. गिऱ्हाईकही कारण विचारत नसे, कारण विचारणं बरं दिसत नाही. अठरा वर्षं बाईंनी ते वाक्य म्हटलं आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

मग फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दुकान नुकतंच उघडलेलं असताना, इनुकाई नावाचे गृहस्थ आले.

सत्तरीच्या आसपासचे. कोटाची सगळी बटणं लावलेली, पाठ ताठ. चाळीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झालेले, हे त्यांनी आल्या आल्या स्वतःच सांगितलं, जणू इथं यायची परवानगी मागत होते. त्यांनी जांभळ्या फडक्याची गाठ सोडली. आतून एक बाहुला निघाला. कोल्ह्याचे कान, हातात पिवळा कंदील, अंगात निळा अंगरखा. तोमोशिची. गावोगाव दिवे लावत हिंडणाऱ्या पोराच्या कार्टूनमधला नायक. या अंगरख्यातला तोमोशिची दहा वर्षांपूर्वी एकाच कार्यक्रमात, एकाच दिवशी विकला गेला होता. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या तीनशे जणांनाच. म्हणूनच त्याच्या नकला उदंड.

"विकायचा आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही. तुम्ही फक्त सांगा, हा खरा आहे की खोटा."

"आम्ही फक्त विकायच्या मालाची..."

"माहीत आहे. बाहेर पाटी वाचली मी. पण परवा माझी मुलगी जाऊन एकोणपन्नास दिवस झाले." ते बसच्या थांब्याचं नाव सांगावं तसं सपाट बोलत होते. "चिनात्सु. एकतीस वर्षांची. मेंदूत रक्तस्राव झाला. हामामात्सुला एकटीच राहायची. तिचे बाकीचे बाहुले मी मंदिरात दिले, ते मंत्र म्हणून जाळतात ना, तिथं. हा एकच ठेवला."

बाईंनी मान लववली. असल्या वेळी म्हणायचे शब्द म्हटले.

"तिनं हा कुणा अनोळखी माणसाकडून विकत घेतला होता. दोन महिन्यांचा पगार घालून. वर्षभरानं मला किंमत कळली तेव्हा मी म्हटलं, अगं गाढवे, तुला नकली चिंधी गळ्यात मारली कुणीतरी. ती म्हणाली, खरा आहे. मी म्हटलं, सिद्ध कर. तर ती उठली, तडक ओसूला आली आणि संध्याकाळी घरी आली ती मान खाली घालून. दुकानात हा माल घेता येत नाही म्हणाले, एवढंच बोलली. आणि मी हसलो. पोट धरधरून हसलो हो! शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं. सात वर्षं झाली त्याला. पुढच्याच महिन्यात तिनं हामामात्सुला नोकरी धरली. नववर्षाला यायची, जेवायची, निघून जायची. बाहुल्याचा विषय परत काढला नाही तिनं."

काउंटरपलीकडे निवा वह्या लावत होता. त्याचा हात थांबला.

"हा खोटा असेल तर मंदिरात देऊन टाकतो," इनुकाई-सान म्हणाले. "म्हणजे मी निदान बरोबर तरी होतो. खरा असेल तर... खरा असेल तर काय करायचं ते मला ठाऊक नाही. पण कळलं पाहिजे. असं अर्धवट घेऊन मला तिच्या फोटोपुढं बसवत नाही."

बाईंनी चष्मा खाली घेतला. डाव्या डोळ्यातला पांढरा ठिपका अर्धा टाका वर गेलेला होता. माणसं त्या विसरायच्या, चेहरे नाही. हा तोमोशिची याआधी याच काउंटरवर आला होता. केस मागं बांधलेली एक मुलगी घेऊन आली होती. तो उघडउघड अस्सल होता. पट्टी मूळची, भरतकाम मूळचं. फक्त त्यांनी पोटाशी नाक नेलं आणि सिगारेटच्या धुराचा असा काही भपकारा आला की त्या मागं सरल्या. महिनोन्महिने मुरलेला धूर होता तो. आता या पोरीला तोंडावर काय सांगायचं, की तुझं घर घाण मारतंय? बाईंनी नेहमीचं वाक्य म्हटलं आणि कंबरेत वाकल्या. मुलीनं मान डोलावली आणि बाहुला पिशवीत घातला. बाईंना तेव्हा वाटलं होतं, छान निभावलं आपण.

निवा हळूच जवळ आला. "त्सुकादा-सान," तो कुजबुजला, "विकायचा नाहीये. नेहमीचं वाक्य म्हणा आणि मोकळ्या व्हा. उगाच कशाला अंगावर घेता?"

"तुम्ही वह्या लावा," बाई म्हणाल्या.

त्यांनी बाहुला उचलला, डोळे मिटले आणि वास घेतला. काहीच नाही. परत घेतला, मानेपाशी, शेपटीपाशी, जिथं धूर शेवटपर्यंत दडून बसतो तिथं. नुसता साबण. मग बोटं पाठीवरून फिरली आणि शेपटीच्या वर थांबली. इथली शिवण कारखान्याची नव्हती. कुणीतरी उसवली होती आणि हातानं परत घातली होती. निळ्या कापडाला निळाच दोरा, पण एक छटा फिकी. बाईंनी पोट दाबून पाहिलं. आतला कापूसही मूळचा नव्हता, मऊ, नवा, बदललेला. आणि बाहेरची लव धुतलेली, दात घासायच्या ब्रशनं नाही तर नुसत्या बोटांनी, वाळवताना रोज थोडी थोडी विंचरलेली. हे काम एका दुपारचं नव्हे. महिनाभर तरी कुणीतरी याच्यामागे बसलं होतं.

बाईंना सगळं उमगलं आणि उमगलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

"इनुकाई-सान," त्या म्हणाल्या, "हा अस्सल आहे."

म्हाताऱ्यानं वर बघितलं.

"सात वर्षांपूर्वी तो मीच परत केला. या हातांनी. तेव्हाही मला माहीत होतं की अस्सल आहे."

"मग का?"

निवानं मान फिरवली. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "वास येत होता. सिगारेटचा. आम्ही कारण सांगत नाही, तशी रीत आहे. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

इनुकाई-सानांनी कोटाच्या खिशावर हात नेला, रिकाम्या खिशावर, आणि काढून घेतला. "माझा धूर," ते म्हणाले. "तिची आई गेल्यावर दिवसाला दोन पाकिटं ओढायचो. जेवणाच्या खोलीत. तिची खोली लागूनच होती." त्यांनी बाहुल्याकडे बघितलं. "म्हणजे ती तसंच समजत राहिली. की फसलो आपण. माझ्यामुळं आणि तुमच्यामुळं, सात वर्षं."

"नाही," बाई म्हणाल्या. इथं थांबता आलं असतं. अठरा वर्षांच्या सवयीनं जीभ अडखळलीही. "तिला कळलं होतं. हा आतून उघडलाय. सगळा कापूस काढून नवा भरलाय. नकली बाहुल्यासाठी एवढं कुणी करत नाही, आणि वास घालवायचा असल्याशिवाय कापूस कुणी बदलत नाही. वास कसला होता आणि कुठून आला होता, ते तिला पक्कं ठाऊक होतं."

"मग बोलली का नाही मला?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. दारात आलेलं एक गिऱ्हाईक तिथंच थबकलं. "एका वाक्यात माझं थोबाड बंद झालं असतं! बाबा, तुमच्या सिगारेटीमुळं झालं, एवढं म्हणायचं. दरवर्षी समोर बसून जेवत होती की! मी दरवर्षी चिडवत होतो, काय गं, तुझा तो नकली पोरगा कसा आहे? बरा आहे म्हणायची."

बाईंनी बाहुला फडक्यावर ठेवला.

"मीच सांगतो," इनुकाई-सान म्हणाले, आता अगदी हळू. "तिची आई फुफ्फुसानं गेली. डॉक्टर तेव्हा माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले होते. त्यानंतर आमच्या घरात सिगारेट या विषयावर कुणी चकार शब्द काढला नाही. पोरगी जन्मभर पाळत राहिली ते. मला हसू दिलं तिनं."

मिसाओबाई काउंटरच्या बाहेर आल्या. अठरा वर्षांत गिऱ्हाईकासाठी त्या काउंटर ओलांडून कधी आल्या नव्हत्या. समोर उभं राहून त्या वाकल्या, खूप खाली, आणि तशाच राहिल्या. "मी कारण सांगायला हवं होतं. मला क्षमा करा."

"तुमची चूक नाही असं मी म्हणणार नाही," म्हातारा म्हणाला. "आहे. पण मोठा वाटा माझा आहे, तो मला नेऊ द्या. उठा."

बाई उठल्या. निवानं कुठूनतरी खुर्ची आणून ठेवली होती, पण तिच्यावर कुणी बसलं नाही.

इनुकाई-सान फडक्याची गाठ बांधायला लागले आणि मध्येच थांबले. बाहुला त्यांनी उचलून बाईंच्या हातात परत दिला. "तुमचं नाक चांगलं आहे म्हणतात. तो वास आता येतो का?"

"नाही. पूर्ण गेला."

"आणि तिचा?"

बाईंनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी त्यांनी फार वेळ घेतला. कुठंतरी काहीतरी सापडावं म्हणून त्या कानांच्या आत, कंदिलाच्या मुठीशी, अंगरख्याच्या घडीत शोधत राहिल्या. हो म्हणणं किती सोपं होतं. म्हाताऱ्याला काय कळणार होतं? आणि आज त्या खोटं बोलल्या असत्या तर कुणी दोष दिला नसता.

"नाही," त्या म्हणाल्या. "तिनं फार स्वच्छ धुतलाय. पण हे बघा." त्यांनी म्हाताऱ्याचं बोट धरलं आणि शेपटीच्या वरच्या शिवणीवर ठेवलं. "हे टाके तिचे आहेत."

इनुकाई-सान बोटानं एकेक टाका मोजल्यासारखा चाचपत गेले. टोकाशी दोऱ्याची गाठ होती, नको तेवढी जाड, तीनदा मारलेली.

"वाकडं शिवलंय," ते म्हणाले.

"वाकडं आहे," बाई म्हणाल्या.

"शाळेपासून असंच. आई ओरडायची तिला, तीन तीन गाठी काय मारतेस म्हणून. सुटेल म्हणून भीती वाटते, म्हणायची." त्यांचं बोट गाठीवरून हलेना, आणि मग ते तिथंच, काउंटरला टेकून, दारातल्या गिऱ्हाईकासमोर, लहान मुलासारखे हुंदके देत रडायला लागले.